तुम्ही विचारलेत म्हणून: नवा पट्टा रोज कशाला तपासायचा?

ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहणाऱ्या उंच इमारतींवर सुरक्षा अधिकारी म्हणून काम करताना एक प्रश्न मला ठेकेदार विचारतात, मुकादम विचारतात, रंगकाम काढलेल्या सोसायट्यांचे पदाधिकारी विचारतात आणि खुद्द कामगारही विचारतात. उंचीवर काम करताना अंगाला बांधायचा सुरक्षा पट्टा नवा आहे, त्यावर आयएसआयचा शिक्का आहे, माणसे अनुभवी आहेत. मग रोज सकाळी प्रत्येकाने तो पुन्हा तपासण्यात वेळ कशाला घालवायचा? प्रश्न प्रामाणिक असतो, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

ड्रिल मशीन बिघडले तर भोक पडत नाही, पंप बिघडला तर पाणी चढत नाही, आणि बिघाड त्याच क्षणी सर्वांना कळतो. सुरक्षा पट्ट्याचे तसे नाही. शिवण उसवली असली, हुकाचे तोंड बंद करणारी जीभ नीट मिटत नसली, तरी रंगारी दिवसभर भिंत रंगवू शकतो आणि संध्याकाळी सुखरूप खाली उतरू शकतो. पट्टा निकामी झाल्याची जाणीव त्याला कामात कुठेच होत नाही. ती होण्याचा क्षण एकच असतो, माणूस पडण्याचा. 2 मीटर खाली यायला पाऊण सेकंदही लागत नाही आणि तेवढ्यात शरीराचा वेग ताशी 22 किलोमीटरच्या आसपास पोहोचतो. त्या क्षणी चूक सुधारायला कोणालाच सवड नसते. म्हणून ती शोधायची वेळ जमिनीवरची, चढण्याआधीची.

शिक्क्याविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. आयएस 3521 हे मानक पट्टा कसा असावा हे सांगते, आणि त्यावरचा शिक्का तो पट्टा कारखान्यातून बाहेर पडला तेव्हाची ग्वाही देतो. त्यानंतर पट्ट्याचे काय झाले, हे त्या शिक्क्याला माहीत नसते. पट्टी नायलॉनची असो की पॉलिएस्टरची, ऊन तिला हळूहळू कमजोर करते. आम्लाने नायलॉन खराब होते, तर ओल्या सिमेंटमधल्या अल्कलीने पॉलिएस्टर. वेल्डिंगची एक ठिणगी पट्टीला टाचणीएवढे भोक पाडते आणि ग्राइंडरचा ओझरता स्पर्श कडेचे धागे कापून जातो. हे सारे नव्या पट्ट्याच्या बाबतीत पहिल्याच दिवशी घडू शकते. ठाण्यात खाडीकडून येणारा खारा वारा लोखंडी कड्यांना गंज चढवतो, आणि रबाळे, महापे, तुर्भे या औद्योगिक भागात कारखान्यांच्या छपरांवर काम करणाऱ्यांना रसायनांच्या वाफांचाही विचार करावा लागतो. काल चांगला होता एवढ्यावरून पट्टा आजही चांगला आहे असे धरून चालता येत नाही, ते यामुळे.

तपासणी डोळ्यांपेक्षा बोटांनी करायची असते. पट्टी दोन्ही हातांत वीतभर अंतरावर धरून उलट्या यू अक्षरासारखी वाकवायची. सपाट असताना न दिसणारे तुटलेले धागे वाकलेल्या जागी उभे राहतात. असे थोडेथोडे पुढे सरकत पूर्ण पट्टी, दोन्ही बाजूंनी. जिथे ती कडक, चकचकीत किंवा रंग उडालेली लागते तिथे उष्णता, थिनर किंवा ऊन यांपैकी काहीतरी पोहोचले आहे असे समजावे. मग शिवण. अनेक पट्ट्यांवर पाठीच्या कड्याजवळ दुमडून शिवलेली एक घडी असते, ती उकललेली दिसली तर त्या पट्ट्याने एकदा कोणाचे तरी पडणे झेलले आहे, आणि असा पट्टा दिसायला कितीही चांगला असला तरी पुन्हा वापरायचा नाही. हुक उघडून सोडला की जीभ आपोआप मिटून कुलूपबंद झाली पाहिजे. बोटाने ढकलावी लागली तर तो हुक बाद. पट्टा हुकाला जोडणाऱ्या दोरीला गाठ मारून ती आखूड केलेली असेल तरीही बाद, कारण गाठीमुळे दोरीची ताकद जवळपास निम्म्यावर येऊ शकते. सवय झालेल्या माणसाला या सगळ्याला फार वेळ लागत नाही.

पट्टा उत्तम असून हुक चुकीच्या जागी अडकवला तर सगळी मेहनत वाया जाते. सोसायट्यांच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या नळाला किंवा कठड्यातून डोकावणाऱ्या गंजक्या सळईला बांधलेला दोर मी पाहतो तेव्हा काम तिथेच थांबवायला सांगतो. कठड्याच्या धारदार कडेवरून जाणाऱ्या दोराखाली जाड गादी घातली आहे का, हेही त्याच वेळी पाहावे. सप्टेंबर 2023 मध्ये बाळकुम येथे एका 40 मजली इमारतीतील बांधकामाची लिफ्ट कोसळून 7 कामगार मृत्युमुखी पडले. लिफ्टला आधार देणारी वायर तुटल्याचे प्राथमिक माहितीत सांगितले गेले. ती घटना पट्ट्याची नव्हती, पण माणसाचा भार पेलणारी प्रत्येक वायर, दोर आणि कडी तपासणीच्या यादीत का असावी लागते, हे ठाणेकरांना वेगळे सांगायला नको.

माझ्या मते खरी अडचण अज्ञानाची नसून मजुरीची आहे. एका साइटवर जालन्याकडच्या एका रंगाऱ्याला मी त्याच्या पट्ट्याची उसवलेली शिवण दाखवली, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "ती मला कालच दिसली होती साहेब. पण सांगितले असते तर दुसरा पट्टा नाही म्हणून घरी बसवले असते, रोज बुडाला असता." ज्या साइटवर जादा पट्टे ठेवलेले नाहीत आणि दोष दाखवणाऱ्याची हजेरी कापली जाते, तिथे नोंदवहीत रोज सगळ्यांच्या सह्या असतील, पण तपासणी होत नसेल. दहीहंडीत सर्वांत वरच्या थरावर चढणाऱ्या पोराचा दोर आणि पट्टा हल्ली पथकातले पाच जण ओढून पाहतात, आणि ते अगदी योग्य आहे. आपल्याच इमारतीच्या विसाव्या मजल्याबाहेर झुल्यावर बसलेल्या माणसासाठी एवढी काळजी कोणी घ्यावी, हे मात्र ठरलेले नसते.

म्हणून सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना माझे सांगणे असे की रंगकामाच्या करारात दर आणि रंगाच्या कंपनीइतक्याच स्पष्टपणे तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: जागेवर जादा पट्टे असतील, दोष दाखवणाऱ्याचा त्या दिवसाचा रोज कापला जाणार नाही आणि बाद केलेला पट्टा कात्रीने तुकडे करूनच टाकला जाईल. शेवटची अट अनेकांना उधळपट्टी वाटते. परंतु न कापता कोपऱ्यात टाकलेला पट्टा एखाद्या गर्दीच्या सकाळी, माणूस वाढला आणि पट्टा कमी पडला की, धूळ झटकून पुन्हा कोणाच्या तरी अंगावर चढतो, आणि त्याला तो बाद झाल्याचे कोणी सांगितलेले नसते.