चाळीस बाइटचा पूल

"सर, अक्षरांचे पूल काढून तुम्हाला मिळतं काय?" गंगाखेडला माझा टायपिंग-कम्प्युटरचा क्लास आहे. फी भरायला आलेले पालक हमखास विचारतात, कारण स्क्रीनवर बऱ्याचदा असं काहीतरी असतं:

```
============
/  \/  \/  \
|  ||  ||  |
```

मिळत काहीच नाही. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

टाइपरायटरवर प्रत्येक अक्षराला सारखीच जागा, म्हणून आम्ही पोरं एक्स आणि टिंबं ठोकून गणपती काढायचो. आता चित्र हाताने नाही काढायचं. चित्र काढणारा प्रोग्राम लिहायचा, तोही होईल तितका आखूड. हिशेब बाइटचा; एक इंग्रजी अक्षर, आकडा किंवा चिन्ह म्हणजे एक बाइट. याला कोड गोल्फ म्हणतात, कारण गोल्फमध्येही कमी फटके मारणारा जिंकतो.

या खेळात गणपती महाग पडतो. सोंड एकच, पुन्हा कुठे येत नाही. पूल स्वस्त. परभणीहून परळीला जाताना गाडी गंगेवर आली (आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात) की मी गाळे मोजायचो आणि दरवेळी चुकायचो, सगळे एकसारखे म्हणून. इथे त्याच एकसारखेपणावर बाइट वाचतात. एक गाळा लिहा, गुणिले नऊ करा. दोन गाळे काढा नाहीतर नऊ, खर्च तोच. दहावा गाळा मात्र एक बाइट जास्त मागतो, कारण 10 लिहायला दोन आकडे लागतात.

वरचा पूल नऊ गाळ्यांचा केला तर पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत 40 बाइट. आणि नुसता 'पूल' हा शब्द यूटीएफ-8 मध्ये (कम्प्युटरची अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) 9 बाइट खातो: प, ऊकार, ल, प्रत्येकी 3! शिवाय देवनागरी अक्षरांची रुंदी कमी-जास्त, खांब वाकडे येतात. त्यापेक्षा चिन्हं बरी.

त्या 40 मधला एक बाइट मला वर्षभर खुपत होता. कमानीची उजवी बाजू म्हणजे उलटी तिरकी रेघ. ही रेघ खोडकर आहे. प्रोग्राममध्ये चित्राची चिन्हं अवतरणात लिहितात; ही रेघ शेवटच्या अवतरणचिन्हाला चिकटून आली की ते चिन्हच गिळते आणि प्रोग्राम बंद पडतो. म्हणून ती दोनदा लिहायची. एक बाइट फुकट.

बारावीतल्या एका पोराने गाळाच दुसरीकडून तोडला, खांबाच्या मधोमध न तोडता खांब संपतो तिथे:

```
====
  \/
  ||
```

आता उलट्या रेघेच्या पुढे साधी रेघ, गिळायला काही नाही. नवा पायथन थोडा कुरकुरतो, पण चित्र काढून देतो. 39! मी पेढे आणले.

संध्याकाळी त्याचे आजोबा न्यायला आले. नऊ गाळ्यांचा पूल बराच वेळ बघितला. म्हणाले, "पूल बराय की. पण अल्याड खांबच न्हाई, बैलगाडी चढायची कुठून?"

खांब द्यायचा तर पुन्हा बाइट लागतात. तूर्त 39 वरच ठेवलंय.