आधी कड, मग लिंकन

स्टीलचा पेनी समोर आला की मी लिंकनचा चेहरा नंतर बघतो. आधी नाणं उभं धरून भिंगाखाली त्याची कड. १९४३ साली तांबं युद्धासाठी लागत होतं, म्हणून अमेरिकेने एक सेंटचं नाणं, म्हणजे पेनी, पोलादाचं पाडलं. फिलाडेल्फिया, डेन्व्हर आणि सॅन फ्रान्सिस्को मिळून १०० कोटींच्या वर. पोलादाच्या पट्टीवर आधी जस्ताचा मुलामा दिला आणि मग तिच्यातून चकत्या कापल्या. म्हणजे दोन्ही बाजूंना जस्त, पण कडेला पोलाद उघडं. गंज धरतो तो बहुतेक तिथूनच. पुढे कुणीतरी अशी गंजकी नाणी आम्लात साफ करून त्यांच्यावर नव्याने जस्त चढवायला लागलं. कल्हई केलेल्या भांड्यासारखी ती सगळीकडून सारखी चमकतात, कडेलासुद्धा.

न्यू जर्सीतल्या एका नाण्यांच्या दुकानात मी खरेदीच्या काउंटरवर असतो. मध्यंतरी एक आजोबा आले. हातात प्लॅस्टिकची फ्रेम, तिच्यात तिन्ही टांकसाळींचे तीन लखलखीत पेनी, आणि खिशात ५० नाण्यांची नळी. फ्रेम विकत घेतलेली, नळी वडिलांची.

फ्रेममध्ये कड झाकलेली होती. मग दिव्याखाली फ्रेम तिरकी केली. अस्सल, न वापरलेल्या नाण्यावर उजेडाचे पट्टे मधोमध जुळतात आणि नाणं हलवलं की गोल फिरतात. छाप बसताना धातू कडेकडे सरकतो, त्याच्या बारीक रेषांची ही करामत. आम्ल त्या रेषा खातं, वरचं जस्त उरलेल्या बुजवतं. इथे पट्टा फिरलाच नाही, नुसता पत्र्यासारखा चकाकला. मागच्या बाजूच्या गव्हाच्या लोंब्यांच्या रेघाही मऊ पडलेल्या, आणि जस्ताखाली गंजाचे खड्डे. वजनकाटा मी काढलाच नाही. मुळात ही नाणी २.६९ आणि २.७५ ग्रॅम अशा दोन वजनांत निघाली; त्यात आम्लाने किती खाल्लं आणि जस्ताने किती भरलं, काटा काय सांगणार?

मग नळी उघडली. पहिल्याच नाण्याची कड दुरंगी, मधे पोलादाची काळपट रेघ. दुसरं तसंच, तिसरंही. मी खूश. नाणं आडवं केलं आणि भिंगात लिंकनच्या गालावर ओरखडेच ओरखडे, सगळे एकाच दिशेने.

"घासलीत का हो ही?"

"हो, काल रात्री. टूथपेस्टने. करडी पडली होती, म्हटलं फ्रेममधल्यांसारखी दिसू देत."

सगळी घासली होती. एकच राहिलं होतं, फारच काळं म्हणून सोडलेलं. ते मी त्यांना दाखवलं, न घासलेलं अस्सल नाणं असं दिसतं म्हणून. ते म्हणाले, "पण हे तर घाण दिसतंय!"

"मग फ्रेममधली खोटी का?" त्यांनी विचारलं. खोटी म्हणता येत नाहीत, हीच तर अडचण. १९७३ च्या कायद्याने नकली नाण्यावर 'कॉपी' असा शिक्का लागतो. हे नाणं तर टांकसाळीतलंच, फक्त अंगावरचं जस्त दुसऱ्याचं. त्यामुळे विकणारा बिनधास्त 'चकचकीत, जणू नवं' असं लिहितो आणि गिऱ्हाईक नव्या नाण्याचं रूप त्यावरून शिकतं. आजोबांनी शिकल्याप्रमाणे केलं, त्यांना काय बोलणार? चूक विकणाऱ्यांची आहे, आणि त्यांत आमचे मालकही आले. गल्ल्याशेजारी ते असल्याच नाण्यांचा वाडगा ठेवतात, पोरांसाठी. चिठ्ठी आहे, पण मुंगीच्या अक्षरात.

घासल्यामुळे आजोबांचा तोटा काही डॉलरांचाच झाला असेल. ही नाणी दुर्मीळ नाहीत. तरी इतकी वर्षं कुणी हात न लावलेली नळी आदल्या रात्री घासली जावी, हे काही केल्या मनातून जात नाही. ते काळं नाणं त्यांनी विकलं नाही, नळीत परत टाकलं.

त्या संध्याकाळी वाडग्यावर मी मोठ्या अक्षरात लिहून टाकलं: 'पुन्हा मुलामा दिलेली'. मालक कुरकुरले. विक्री मात्र पूर्वीइतकीच आहे.