भिंत घालणार होतो, जाळी लावली

घराभोवती पाच फुटी विटांची भिंत घालायची, हे माझं पक्कं ठरलं होतं. आमचं घर पुण्यात धायरीच्या पुढे, डोंगराच्या उतारावर. मिस्त्रींनी आधी मोजणी करून घ्या म्हटलं, म्हणून सरकारी मोजणी आणली. खुणा रोवल्या तेव्हा आमची हद्द शेजारच्या काकांच्या आंब्यापासून दीड फूट अलीकडे निघाली. अंदाजाने पाया खणला असता तर भिंत त्यांच्या जागेत गेली असती आणि वर्षानुवर्षांचा घरोबा तुटला असता.

काकांनीच दुसरी गोष्ट दाखवली. पावसात डोंगरावरचं पाणी आमच्या मागच्या अंगणातून खाली उतरतं. ‘भिंत घाल, पण पाणी कुठून जाणार ते आधी सांग,’ म्हणाले. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा काठावर पाण्याने काय केलं ते आम्ही दोघांनी जवळून पाहिलंय. मी गप्प झालो. प्रीकास्ट, म्हणजे आधीच ओतून तयार केलेल्या काँक्रीटच्या फळ्यांची भिंत स्वस्त आणि दोन दिवसांत उभी राहते, पण तीही पाणी अडवणारच.

मग चेन लिंक, म्हणजे तारा एकमेकींत गुंफलेली जाळी ठरली. इथे एक नक्की सांगतो: तारेची जाडी गेजमध्ये मोजतात, आणि गेजचा आकडा जितका लहान, तार तितकी जाड. 12 गेजची तार सुमारे 2.6 मिलिमीटर, 10 गेजची सव्वातीन. दुकानात दोन्ही सारख्याच चकचकीत दिसतात, म्हणून बिलावर गेज लिहून घ्या. आम्ही 10 गेजची गॅल्व्हनाइज्ड (गंजू नये म्हणून जस्ताचा थर दिलेली) जाळी घेतली.

खरा खर्च खांबांवर करावा. आमची वरची माती काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरवर रोवलेला खांब दोन वर्षांत कलतो. म्हणून मुरूम लागेपर्यंत खड्डे घेतले, कुठे दोन फूट, कुठे तीन. खांब म्हणून लोखंडी अँगल काँक्रीटमध्ये बसवले. कोपऱ्यांना दोन्ही बाजूंनी तिरपे टेकू दिले, कारण जाळीचा सगळा ताण तिथेच येतो. टेकू नकोत, दिसायला वाईट, असं मी म्हणत होतो. मिस्त्रींनी ऐकलं नाही, ते बरं झालं.

आडोसा हवा म्हणून आईने जाळीला लागून कोयनेल ही कुंपणाची झुडपं लावली. चवीला कडू, त्यामुळे शेळ्या तोंड लावत नाहीत. यंदाच्या पहिल्या मोठ्या पावसात मी छत्री घेऊन मागे उभा होतो. गढूळ पाणी जाळीतून सरळ खाली गेलं, पालापाचोळा तेवढा अडकला. पश्चिमेकडची कोयनेल अजून विरळ आहे. आईने तिथे नव्या काड्या खोचल्यात.