तुम्ही विचारलंत म्हणून: गेमला 'नाही' म्हटल्यावर काय होतं?

जपानी आणि पाश्चात्त्य रोल-प्लेइंग गेम्समध्ये (म्हणजे आरपीजी, एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचे गेम्स) नेमका फरक काय, आणि त्यातले सरस कोणते? मी आरपीजी खेळते हे कळलं की हा प्रश्न हमखास येतो. कधी नुकतीच सुरुवात केलेले विचारतात, कधी एकाच बाजूचे गेम्स वर्षानुवर्षं खेळलेले. बहुतेकांच्या मनात उत्तर असतंच: जपान्यांकडे गोष्ट, पाश्चात्त्यांकडे मोकळीक. इकडे मोठे डोळे आणि उभे केस, तिकडे दाढी आणि चिलखत. इकडे आळीपाळीने वार, तिकडे थेट तलवारबाजी.

दिसणं आणि लढाई मी बाजूला ठेवते, कारण ते सतत बदलत असतं. मी फरक शोधते तो एकाच ठिकाणी. गेम तुम्हाला काहीतरी विचारतो आणि तुम्ही 'नाही' म्हणता. त्यानंतर काय होतं? (हे सांगताना काही जुन्या गेम्समधली मोठी वळणं उघड होणार आहेत. ज्यांना ती स्वतः गाठायची आहेत त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल.)

दोन्हींचं मूळ एकच आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत आला. त्यात एक जण डंजन मास्टर होऊन जग मांडतो आणि बाकीचे त्या जगात आपण काय करणार ते तोंडाने सांगतात. एखादा म्हणाला, 'मला राजाचं काम नको, मी त्याच्या स्वयंपाक्याशी बोलतो,' तर मास्टरला तिथल्या तिथे स्वयंपाकी उभा करावा लागतो. या मास्टरला कॉम्प्युटरमध्ये कसं बसवायचं, हा पुढच्या सगळ्या आरपीजींपुढचा प्रश्न. १९८१ मध्ये अ‍ॅपल टू या कॉम्प्युटरवर त्याची दोन उत्तरं आली. रिचर्ड गॅरियट यांच्या 'अल्टिमा'ने फिरायला मोकळं जग दिलं. अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांच्या 'विझर्ड्री'ने सहा जणांची पार्टी (एकत्र लढणारी टोळी) आणि दहा मजल्यांचं भुयार दिलं. 'विझर्ड्री' निष्ठुर होता. पार्टी मेली की ते फ्लॉपीवर नोंदलं जायचं, प्रेतं भुयारात पडून राहायची, आणि ती वर आणायला दुसरी पार्टी खाली उतरवावी लागायची.

जपानमधले गेम-रचनाकार युजी होरी या दोन्ही गेम्सनी भारावले होते. पण त्यांना असा गेम करायचा होता, जो आरपीजी म्हणजे काय हे माहीतच नसलेल्या माणसालाही खेळता येईल, आणि तोही टीव्हीला जोडायच्या फॅमिकॉम या गेमयंत्रावर. तिथे कीबोर्ड नव्हता. त्यांचा 'ड्रॅगन क्वेस्ट' १९८६ मध्ये आला, ६४ किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये (यंत्रात खोचायच्या डबीत). सुरुवातीला तुम्ही राजाच्या बंद दालनात असता. बोलायचं कसं, पेटी उघडायची कशी, किल्लीने दार कसं उघडायचं, जिना कसा उतरायचा, हे केल्याशिवाय बाहेर पडताच येत नाही. माहितीपत्रक न वाचता माणूस खेळायला शिकतो. मला हे दालन या माध्यमातल्या सर्वांत सुंदर कल्पनांपैकी एक वाटतं.

त्या कार्ट्रिजवर सेव्ह करायची सोय नव्हती. खेळ थांबवताना वीस अक्षरांचा एक मंत्र मिळायचा, तो कागदावर उतरवायचा आणि पुढच्या वेळी टाइप करायचा. त्या वीस अक्षरांत लेव्हल (पात्राच्या ताकदीचा टप्पा), सोनं, हत्यारं आणि दोन-चार खुणा एवढंच मावायचं. तुम्ही कोणाशी कसे वागलात, कोणाला काय शब्द दिलात, याला जागा नव्हती. जपानी आरपीजीचा स्वभाव घडण्यात या वीस अक्षरांचा वाटा मोठा आहे असं माझं ठाम मत आहे. जगाला तुमचा निर्णय लक्षातच राहणार नसेल तर तो घ्यायला लावण्यात काय अर्थ? त्यापेक्षा गोष्ट आधी ठरवावी आणि ती जीव ओतून सांगावी.

म्हणून त्या गेममध्ये सोडवून आणलेली राजकन्या तुमच्या प्रेमाबद्दल विचारते तेव्हा 'नाही' हा पर्याय समोर असतो, पण त्याचा उपयोग नसतो. ती दुखावते आणि तेच पुन्हा विचारते. पुन्हा 'नाही', पुन्हा तोच प्रश्न. शेवटी मात्र खलनायक विचारतो, 'माझ्या बाजूला येतोस? अर्धं जग तुझं.' इथे 'हो' म्हटलंत तर गेम खरोखर तिथेच संपतो. सगळ्या प्रवासात तुमचं उत्तर मनावर घेतलं जातं ते या एका जागी. त्या एका 'हो'चं वजन एवढं होतं की २०१६ मध्ये आलेला 'ड्रॅगन क्वेस्ट बिल्डर्स' हा अख्खा गेम त्यानंतर उजाड झालेल्या जगावर उभा राहिला.

तिकडे अमेरिकेत गॅरियट उलट्या वाटेने निघाले होते. खेळाडू त्यांच्या जगात बिनदिक्कत चोऱ्यामाऱ्या करतात हे पाहून त्यांनी १९८५ च्या 'अल्टिमा ४'मध्ये शेवटचा राक्षसच काढून टाकला. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य असे आठ सद्गुण अंगी बाणवणं हेच त्या गेमचं ध्येय. त्यात जादूची सामग्री विकणारी माणसं आंधळी आहेत. किती पैसे ठेवले ते तुम्हीच सांगायचं. कमी ठेवून निघालात तर कोणी अडवत नाही, घंटा वाजत नाही. फक्त आत कुठेतरी प्रामाणिकपणाच्या खात्यातून वजाबाकी होते आणि फार पुढे गेल्यावर ती तुमच्या वाटेत येते.

पाश्चात्त्य परंपरेतला जो भाग मला मनापासून आवडतो तो इथून निघतो. १९९७ चा 'फॉलआउट' घ्या. शेवटचा शत्रू 'मास्टर' माणसांपासून नवा, बळकट वंश घडवतोय. त्याच्याशी लढता येतं. पण तुम्ही नीट शोध घेतला असेल तर त्या वंशाला मुलंच होऊ शकत नाहीत याचा पुरावा त्याच्यापुढे ठेवता येतो. आपलं सगळं आयुष्य फुकट गेलं हे त्याला कळतं, आणि तो स्वतःचा अंत करून घेतो. किंवा २००२ चा 'मॉरोविंड'. कथेला आवश्यक असलेल्या माणसाला तुम्ही मारलंत तर गेम अडवत नाही. भविष्यवाणीचा धागा तुटला, जुना सेव्ह उघडा किंवा तुम्हीच घडवलेल्या या बुडत्या जगात राहा, एवढंच सांगतो. थक्क करणारी गोष्ट म्हणजे त्यानंतरही एक आडवाट शिल्लक ठेवलेली आहे आणि त्या वाटेने गेम पुरा करता येतो. तुम्ही 'नाही' म्हणाल याचा विचार कोणीतरी आधी करून ठेवला होता. टेबलावरचा तो मास्टर मला 'मॉरोविंड'मध्ये जितका जिवंत भेटला तितका क्वचितच कुठे भेटला असेल.

मग जपानी गेम्स मागे पडले का? इथेच मला जास्त वेळ थांबायचं आहे.

'फायनल फँटसी ७' हाही १९९७ चाच. त्यातली नायकाची सोबतीण एरिथ मरते हे आता न खेळलेल्यांनाही ठाऊक असतं. पण ती कशी मरते ते पाहण्यासारखं आहे. ती प्रार्थनेला बसली आहे, नायक क्लाउड तिच्यापुढे उभा आहे, आणि सूत्रं अजून तुमच्या हातात आहेत. तुम्ही बटण दाबता आणि क्लाउड तिच्यावर तलवार उगारायला लागतो. दुसरं बटण दाबून पाहता, तो आणखी पुढे जातो. सोबती ओरडतात, तो भानावर येतो, आपण सुटलो असं वाटतं, आणि वरून खलनायक सेफिरॉथ येतो. त्यानंतरच्या लढाईत बॉसचं (मोठ्या शत्रूचं) नेहमीचं धडाकेबाज संगीत लागत नाही. नोबुओ उएमात्सु यांनी एरिथसाठी रचलेली धूनच लढाईभर वाजत राहते. पुढे अनेक वर्षं जगभरचे खेळाडू तिला परत आणायची युक्ती शोधत होते. ती नव्हतीच.

आता याच्या शेजारी २००७ चा 'मास इफेक्ट' ठेवा. व्हर्माइर ग्रहावर अ‍ॅशली आणि कायडन हे तुमचे दोघेही सोबती अडकतात, वाचवता येतो एकालाच. कोणाला, ते तुम्ही सांगायचं. मला तो प्रसंग आवडतो, पण तिथे माझ्या दुःखात हिशेब मिसळलेला होता. मी बरोबर निवडलं का? दुसऱ्याला वाचवलं असतं तर पुढे काय वेगळं दिसलं असतं? तो मृत्यू माझ्या निर्णयाचा झाला आणि ज्याचा होता त्याचा थोडा कमी उरला. एरिथच्या वेळी विचार करायला असं काहीच नसतं. ती गेली, आणि मी काहीही केलं असतं तरी जाणारच होती. खऱ्या आयुष्यात माणसं बहुधा अशीच जातात. म्हणून मला ही असहायता जास्त खरी वाटते.

'ड्रॅगन क्वेस्ट ५' (१९९२) तर याच्याही पुढे जातो. तुम्ही लहान मुलगा असता, वडिलांचा हात धरून फिरता. तुम्हाला ओलीस धरलं जातं, आणि एरवी कोणालाही सहज लोळवणारा बाप लढाईच्या पडद्यावर गप्प उभा राहून मार खातो. ज्या पडद्यावर तोवर तुम्ही शेकडो वेळा 'हल्ला' निवडलेला असतो, त्यावर निवडण्यासारखं काही नसतं. बाप मरतो. पुढची दहा वर्षं तुम्ही गुलामीत काढता. मोठेपणी बापाच्या इच्छेप्रमाणे दैवी तलवारीचा खरा धनी शोधायला निघता, ती तलवार तुमच्याजवळ असते, पण तुम्हाला ती पेलत नाही. गेमचा नायक तुम्हीच, आणि भाकितातला वीर दुसराच कोणीतरी. तो वीर निघतो तुमचा मुलगा. कितीही ग्राइंडिंग करा (त्याच त्या लढाया पुन्हा पुन्हा लढा), लेव्हल कितीही वाढवा, ती तलवार तुमची होत नाही. पाश्चात्त्य गेम्सच्या जगात निवडलेला तो एकमेव माणूस जवळजवळ नेहमी तुम्हीच असता. दुसऱ्याच्या पराक्रमाला वाट करून देणारा बाप होण्याचा अनुभव मला या गेमने दिला.

जपानी गेम हिशेब ठेवतच नाहीत असंही नाही. १९९५ च्या 'क्रोनो ट्रिगर'मध्ये सुरुवातीच्या जत्रेत तुम्ही कोणाचा डबा खाल्लात, कोणाच्या हरवलेल्या मांजराला मदत केलीत, हे पुढे कोर्टात साक्षीपुराव्यानिशी बाहेर येतं. पहिल्यांदा खेळताना अंगावर काटा येतो. पण निर्दोष ठरलात तरी कोठडी चुकत नाही. तुमचं वागणं पाहिलं गेलं, नोंदलं गेलं, आणि नशीब जागचं हललं नाही. दोन्ही परंपरा एकाच दृश्यात अशा समोरासमोर आलेल्या मला दुसरीकडे आठवत नाहीत.

दोष दोन्हीकडे आहेत. जपानी गेम्समध्ये वाढवलेले तास असतात, पावलापावलावर अडवणाऱ्या किरकोळ लढाया असतात, आणि मैत्रीवरची भाषणं कधी कधी संपतच नाहीत. पण पाश्चात्त्य गेम्सचा दोष मला जास्त सलतो, कारण तो त्यांच्या वचनालाच लागतो. 'स्कायरिम'मध्ये (२०११) जेमतेम जादू येत असतानाही तुम्ही जादूगारांच्या विद्यापीठाचे प्रमुख होता, चोरांच्या संघाचेही म्होरके होता, आणि या दोन गोष्टींची एकमेकींशी गाठ पडत नाही. 'मॉरोविंड'मध्ये संघ तुमचं कसब तपासायचा आणि बढती नाकारायचा. जग तुम्हाला कधीच 'नाही' म्हणत नसेल तर तुमच्या 'हो'ला किंमत कुठून येणार? तसंच 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स'मध्ये (२००९) भेटवस्तू दिल्या की सोबत्यांच्या मर्जीचे आकडे वाढतात. एवढे बारकाईने लिहिलेले लोक, आणि त्यांची जवळीक आकड्यात मोजायची, हे मला पटत नाही.

देशावरून गेम ओळखायचे दिवस तर कधीच सरले. 'विझर्ड्री'ची मालिका अमेरिकेत थांबली आणि जपानमध्ये चालू राहिली. हिदेताका मियाझाकी यांचा 'डार्क सोल्स' (२०११) जपानी असून त्या जुन्या अमेरिकन भुयाराच्या जास्त जवळचा आहे. पोलंडच्या 'द विचर ३'मध्ये (२०१५) गेराल्ट हा आधीच घडलेला माणूस तुमच्या हाती येतो आणि तरीही निर्णय जड जातात. फ्रान्समधल्या छोट्या चमूने केलेला 'क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्सपिडिशन ३३' (२०२५) आळीपाळीच्या लढाईवर, जपानी वळणाने उभा आहे. म्हणून एखादा गेम कोणत्या बाजूचा हे मी त्याच्या पत्त्यावरून ठरवत नाही. नकाराचं तो काय करतो ते पाहते.

सरस कोणते, याचं माझं उत्तर: उत्तम पाश्चात्त्य आरपीजीने मला जास्त विचार करायला लावलं, आणि उत्तम जपानी आरपीजी माझ्याजवळ जास्त काळ राहिले. एकच बाजू निवडायची सक्ती झाली तर मी जपानी निवडेन.

सुरुवात करायची असेल तर 'ड्रॅगन क्वेस्ट ५' घ्या. तो मोबाइलवरही मिळतो. त्यात कोणाशी लग्न करायचं हा मोठा निर्णय होरी यांनी तुमच्यावर सोडला आहे. कोणाला निवडल्याने काय फायदा होतो याच्या याद्या आहेत, त्या उघडू नका. तो संपला की 'डिस्को एलिझियम' (२०१९) घ्या. तिथे लढाईचा पडदाच नाही. स्मृती गेलेला एक पोलीस, झाडाला लटकलेलं एक प्रेत, आणि त्या पोलिसाच्या डोक्यात एकमेकींशी भांडणारी चोवीस कौशल्यं. संवादाच्या ऐन मोक्याला फासे पडतात. ते उलटे पडले की जुना सेव्ह उघडावासा वाटेल, पण उघडू नका. त्या गेममधलं कितीतरी उत्तम लेखन फासे उलटे पडल्यावरच वाचायला मिळतं.