१ तीमथ्य ३:१६ ग्रीकमधून वाचलं, माझा अनुभव

बायबल स्टडीत कोणीतरी म्हणतंच, "मूळ ग्रीकमधे वेगळं आहे", की बाकीचे सगळे गप्प. मला ते काही पटेना म्हणून एकच वचन घेऊन स्वतःच बघायचं ठरवलं. हेच वचन का, तर किंग जेम्स या जुन्या इंग्रजी भाषांतरात इथे "देव देहात प्रकट झाला" आहे आणि बऱ्याच नव्या भाषांतरांत नुसतं "तो". आता एवढा फरक येतो कुठून?

सुरुवात सगळे करतात तिथूनच, इंटरलिनियर अ‍ॅप (ग्रीक शब्दाखालीच त्याचा अर्थ दाखवणारं) आणि स्ट्राँग्ज नंबर (बायबलच्या प्रत्येक मूळ शब्दाला दिलेला क्रमांक). टॅप केलं की २३१६, थेओस, म्हणजे देव. विषय संपला असं वाटतं. पण ही स्ट्राँग्जची यादी १८९० ची आणि किंग जेम्सच्या शब्दांवर बेतलेली, त्यामुळे किंग जेम्सच्या मागे जो ग्रीक शब्द आहे त्याचाच नंबर मिळणार, जुन्या हस्तलिखितांत तिथे दुसरं काही आहे का हे तिला विचारून उपयोगच नाही. शब्दाचा अर्थ बघायला ठीक आहे, या कामाला नाही.

मग अक्षरं शिकले, ती पटकन येतात. क्रियापदं मात्र घाम काढतात. आणि त्याहून कटकट म्हणजे नेस्ले-आलांडच्या (अभ्यासक वापरतात ती ग्रीक नव्या कराराची आवृत्ती) पानाखालच्या टीपा, नुसती चिन्हं! हिब्रू आलेफ म्हणजे सिनाइटिकस, ए म्हणजे अलेक्झांड्रिनस, ही दोन्ही जुनी हस्तलिखितं, चिन्हावर स्टार असेल तर मूळ हातानं लिहिलेलं. हे एकदा डोक्यात बसलं की मग कळतं की कुठली प्रत काय म्हणते.

पण खरी मजा फोटोत. चौथ्या शतकातलं सिनाइटिकस २००९ पासून ऑनलाइन आहे, कोणीही उघडून बघावं. सगळी कॅपिटल अक्षरं, शब्दांमधे जागाच नाही, ओळ सापडेपर्यंत डोळे दुखतात. सापडली तर तिथे फक्त दोन अक्षरं, ओमिक्रॉन आणि सिग्मा, "होस", म्हणजे "जो". आणि वर बारीक अक्षरात नंतरच्या कोणीतरी "थे" घुसवून त्याचं "थेओस" केलंय.

हे इतकं सोपं का झालं असेल ते पण बघा. लेखनिक "थेओस" पूर्ण लिहीत नसत, फक्त थीटा, सिग्मा आणि डोक्यावर आडवी रेघ. म्हणजे "जो" आणि "देव" यात फरक दोन रेघांचा, एक ओमिक्रॉनच्या गोलाच्या पोटात (की तो थीटा झाला) आणि एक वर. अलेक्झांड्रिनसमधे तर ती पोटातली रेघ खरी की पानाच्या मागच्या बाजूची शाई दिसतेय यावर विद्वान कितीतरी वर्षं भांडलेत.

बरं, "देव" चं "जो" झालं की उलटं? इथे व्याकरण कामाला येतं. आधीचा शब्द "मिस्टेरिऑन", रहस्य, तो नपुंसकलिंगी आणि "होस" पुल्लिंगी, म्हणजे वाक्य अडखळतं. अडखळणारं वाक्य कोणीतरी सरळ करेल, चांगलं सरळ वाक्य मुद्दाम कशाला बिघडवेल? मला हे पटलं.

आणि अडखळण्याचं कारण मोठ्यानं वाचल्यावर कळतं, पुढचा भाग बहुतेक जुनं स्तोत्र असावं असं अभ्यासक म्हणतात, म्हणजे ते जसंच्या तसं इथे जोडलेलं. एफानेरोथे, एदिकायोथे, ओफ्थे, एकेरिख्थे, एपिस्तेउथे, आनेलेम्फ्थे, सहाही क्रियापदं "थे" वर संपतात! पाच ओळींत क्रियापदानंतर "एन" (म्हणजे "मधे") येतं, फक्त देवदूतांच्या ओळीत नाही. भाषांतरात हा ठेका पार जातो.

आता कोणी म्हणेल मग ख्रिस्त देव आहे ही शिकवण गेली का, तर नाही, त्यासाठी योहान १:१ आणि २०:२८ आहेत. फक्त वाद घालताना मी हे वचन पुढे करत नाही, आणि कोणी केलंच तर सरळ तो फोटो उघडून देते.