तुम्ही विचारलंत म्हणून: बाझलच्या बँकेत आपण कशाला?

‘रिझर्व्ह बँक त्या बाझलच्या आंतरराष्ट्रीय बँकेची सभासद झालीच कशाला? गोऱ्यांचे नियम आमच्या शेतकऱ्याच्या गळ्यात का?’ अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालो, तरी लातुरात लग्नाच्या पंगतीतही मला हेच विचारतात.

ही बँक म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरातली, देशोदेशीच्या मध्यवर्ती बँकांची बँक. आधी क्रम बघा. बँकेनं दिलेल्या कर्जांच्या प्रमाणात स्वतःचं भांडवल किती ठेवायचं, याचे बाझल नियम आपण १९९२ पासून लावले. रिझर्व्ह बँक सभासद झाली १९९६ मध्ये. त्या बँकेच्या आश्रयानं चालणाऱ्या, हे नियम ठरवणाऱ्या समितीत भारताला जागा मिळाली २००९ मध्ये. म्हणजे नियम आधी आले, खुर्ची मागून. शिफारस बँक सुधारणांसाठी नेमलेल्या आपल्याच नरसिंहम समितीची होती, देशाचं सोनं गहाण पडलं त्याच वर्षीची, १९९१ ची. शिवाय बाझलचं भांडवलाचं किमान प्रमाण ८ टक्के, ते आपल्या बँकांसाठी ९ केलं रिझर्व्ह बँकेनं. सभासदत्व सोडलं तर नियम जातील का? नाही. गेलीच तर खुर्ची जाईल.

एवढं सांगून मी थांबायचो. २०१६ नंतर तसं थांबता येत नाही.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते वर्ष. माझे मेहुणे रेणापूर तालुक्यातले, सोयाबीनवाले. दुष्काळामुळे त्यांच्या पीककर्जाचं पुनर्गठन झालं होतं, म्हणजे परतफेडीची मुदत वाढवून दिली होती. जूनमध्ये नवं कर्ज मागायला गेले, तर शाखेत उत्तर मिळालं, ‘बाझलचे नियम आहेत, वरून आलेत.’ ते तडक माझ्याकडे आले. मी कागद काढून ओळ न् ओळ वाचून दाखवली: पुनर्गठित कर्ज थकीत न धरता चालू धरायचं, नवं पीककर्ज द्यायचं, असं रिझर्व्ह बँकच सांगते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘दाजी, तुमचं समदं खरं. पन मृग सरत आलाय, बी कशानं आणू?’ मी त्यांच्याबरोबर शाखेत गेलो, वाद घातला, अर्ज दिला. पोच मिळाली, कर्ज नाही. शेवटी बी-खत आडत्याकडून उचललं. माल त्यालाच घालायचा, भाव तो म्हणेल तो. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. तेच जास्त लागतं.

शाखाधिकारी खोटं बोलला, हे मी आजही म्हणतो. पण त्याची भीती खोटी नव्हती. कर्ज बुडीत निघालं की बँकेला पैसे बाजूला काढून तरतूद करावी लागते, ती तरतूद नफाही गिळते आणि भांडवलही, आणि भांडवलाचं माप बाझलचंच आहे. नियमाच्या कागदात नसलेलं बाझल त्याच्या मनात होतं.

‘खुर्ची मिळाली की आवाज पोचतो,’ असं मी वर्गात ठासून सांगायचो. कोणाचा आवाज, असं वर्गातल्या त्या मास्तराला, म्हणजे तेव्हाच्या मला, आज विचारावंसं वाटतं. तो म्हणेल, खुर्ची नसताना कोणाचा पोचत होता? इथे निजामाचं चलन, हाली सिक्का, चालायचं, तेव्हा बाझलचे नियम नव्हते, सावकार होताच. यावर माझ्याकडे उत्तर नाही, त्याच्याकडेही नव्हतं.

परवा काही तरुण सभासदत्व सोडण्याचं निवेदन घेऊन आले. मी सही केली नाही. पुनर्गठन झालेल्या शेतकऱ्याला त्याच हंगामात नवं कर्ज मिळालंच पाहिजे, नाकारलं तर कारण लेखी द्या, एवढी मागणी लिहून आणा म्हटलं. ती आणली, तर पहिली सही माझी.