खणात पडलेला फॉर्म

मुलाला एडीएचडी (लक्ष न टिकणं, अति चुळबुळ) आहे का हे बघायला डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा धास्ती तिथलीच होती. तिथलं काम मात्र सरळ झालं. रक्ततपासणी नाही, स्कॅन नाही. त्यातून हे कळतच नाही. भरपूर प्रश्न आणि दोन फॉर्म, एक आम्हाला, एक शाळेला. आमचा मी त्याच रात्री भरला. नवरा वाचून म्हणाला, "यातलं निम्मं माझंच आहे." (हे बरेचदा घराण्यातूनच येतं, ते नंतर कळलं.)

शाळेच्या फॉर्मनं सात आठवडे खाल्ले.

तीन आठवडे तो वर्गशिक्षिकांच्या टेबलाच्या खणात. विचारलं की, "हो हो, भरते." चौथ्या आठवड्यात हातात आला, तर पहिल्या प्रश्नापासून शेवटपर्यंत 'कधीच नाही'च्या रकान्यात एकाखाली एक खुणा, पट्टी धरून केल्यासारख्या! वर्षभर डायरीत लाल शाईनं 'लक्ष नसते', 'वही विसरला', 'जागेवर बसत नाही' लिहिणाऱ्या याच बाई. डायरी घेऊन मी तणतणत गेले. त्या हळूच म्हणाल्या, "अहो, पोरगा गुणी आहे. कशाला त्याच्या नावावर शिक्का?"

आता यावर काय भांडणार?

चूक माझीही होती. नुसता कागद टेकवून आले होते. ही तक्रार नाही, लक्षणं घर आणि शाळा अशी किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात, म्हणून तुमचं मत हवं, हे दोन मिनिटांत सांगता आलं असतं. आणि कोऱ्या फॉर्मची झेरॉक्स आधीच काढून ठेवा. दुसऱ्या प्रतीसाठी पुन्हा अपॉइंटमेंट घ्यावी लागली.

दुसऱ्यांदा बाईंनी समोर बसून भरला, एकेका प्रश्नावर थांबत.

पुढचं पटापट झालं. खिडकीपासून लांब, पहिला बाक. एका वेळी एकच सूचना. दहा गणितं एकदम न देता पाच-पाच. सगळ्यात लागू पडली ती बाईंचीच युक्ती: चुळबुळ सुरू झाली की त्याला फळा पुसायला किंवा वह्या वाटायला उठवायचं.

हो, परीक्षेतल्या जादा वेळेचा अर्ज शाळेत कधीपर्यंत द्यायचा, ते पहिल्याच दिवशी विचारा. आमची मुदत तो फॉर्म खणात असतानाच संपली. सहामाही त्यानं तशीच दिली, शेवटचे दोन प्रश्न कोरे.